पहिला अंदाज

समीकरण एका ओळीत मावलं:
चंद्राचा एक कोसाइन, सूर्याचा एक,
वजा वाळूचा दांडा, वजा लाँचचं बूड.
बरोबर शून्य.
म्हणजे पूर्णगडच्या तोंडावर
पाणी नेमकं किती वाजता पुरेल.

याला सूत्र नाही.
वर्गसमीकरणासारखं अधिक-उणे लिहून
हात झटकता येत नाहीत.
चाचपडत जायचं,
बुडालेलं जाळं पायाने शोधतात तसं.

मुचकुंदीवर अजून काळोख.
याकूब सोलकरांच्या लाँचवर
बर्फाच्या खोक्यावर बसलेय मी,
मांडीवर लॅपटॉप, बोटांना म्हाकुळाचा वास.
सॉफ्टवेअर विचारतं, सुरुवात कुठून करू?
मी विचारते, चाचा, दांड्यावर पाणी कधी?
ते बॅटरी मारून कांदळाच्या खोडावरची ओल बघतात.
"साडेचारला बघ."
मी ४.५ टाइप करते.

आधी निम्म्या-निम्म्याची रीत.
तीनला उणे. सहाला अधिक.
मध्ये कुठेतरी शून्य ओलांडलंच पाहिजे,
पाणी उडी मारत नाही.
तुकडा अर्धा कर, पुन्हा अर्धा,
भावकीत जमीन वाटतात तसा,
शेवटी उरतं ते इतकं चिंचोळं
की त्यात एक माड उभा राहू नये.

मग स्पर्शिकेची रीत. ती घाईची.
चार उड्यांत ४.६२१८.
चार सदतीस, वर अठरा सेकंद.

काल हिनेच दगा दिला होता.
मी सुरुवात धरली भरतीच्या माथ्यावर,
जिथे पाणी थबकतं, चढ नाही, उतार नाही,
आणि शून्याच्या जवळपास असलेल्या उताराने
भागलं की माणूस कुठल्या कुठे फेकला जातो.
उत्तर आलं, उणे नऊ हजार तास.
म्हणजे गेल्या सालची कुठलीशी भरती.
चूक नव्हतं. तेही मूळच,
फक्त आमच्या उपयोगाचं नाही.
चाचांना सांगितलं तर म्हणाले,
"तेव्हा मुश्ताक होता सुकाणूवर."
आणि डिझेलचं झाकण घट्ट करत बसले.

चार सदतीस.
बांबू टाकला. एक वीत कमी.
बारा दशांश स्थळं बरोबर माझी,
वाळूचा आकडा ऑक्टोबरचा.
दांडा काय मला विचारून सरकतो?

चाचांची वीत मोजली, बावीस सेंटिमीटर.
तेवढी आकड्यात घातली. पुन्हा चालव.
स्क्रीनवर गोल फिरतोय तोवर
त्यांनी काडी ओढली:
"दोन बिड्यांचं पाणी बाकी आहे."

चार अठ्ठावन्न, म्हणालं यंत्र.
दुसरी बिडी अर्ध्यावर होती
तेव्हा त्यांनी गिअर टाकला.
खालून एकदाच खरखरलं.
तेवढी सहनसीमा मी धरली होती.