रिकाम्या गाडीचं वजन

सोहार बंदराच्या तिसऱ्या फाटकावर
वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसतो मी.
खडीचा ट्रक येतो भरलेला, मी आकडा लिहितो.
रिकामा होऊन परततो, पुन्हा लिहितो.
वजाबाकी, शिक्का, पावती.
अकरा वर्षं दुसऱ्यांचं किती उतरलं
हे सांगायचा मला पगार मिळतो.

माझं मात्र
पाच आठवड्यांत एक किलो चारशे ग्रॅम.

दवाखान्यातली सिस्टर शिजी
वहीत आकडा लिहून म्हणते, छान.
छान कसलं?
ईदनंतर भाचीचं लग्न आहे खेडला,
कोट शिवायला टाकलाय
मी पहिल्यांदा इथे आलो त्या मापाचा.
रात्रीचा खबूस सोडला,
करक चहातली साखर सोडली,
म्हणजे दुपारच्या चहातली.
मला बारा किलो हवेत, आठ आठवड्यांत.

शिजी पेन खाली ठेवते.
हे पोट किती वर्षांत आलं?
अकरा.
किती आलं?
बावीस किलो.
मग ते चालत आलं ना भाईसाब,
जाताना त्याला विमानाचं तिकीट कशाला काढता?

खोलीवर येऊन हिशेब मांडला.
वर्षाला दोन किलो,
म्हणजे दिवसाला साडेपाच ग्रॅम.
चमचाभर मीठ.
रोज चमचाभर मीठ
कुणीतरी माझ्या खिशात टाकत राहिलं
आणि मी, वजनाचा माणूस,
समोरच्या खिडकीतून ट्रक बघत राहिलो.

पहिल्या आठवड्यात तर धावलो होतो
समुद्राच्या कडेने, चाळीस अंशांत.
उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.
बाशिंग राहिलं बाजूला,
तीन दिवस गुडघ्याला बाम चोळत
लंगडत काट्यावर गेलो.
आता खमीसबरोबर चालतो.
तो चपला फटकारत पुढे,
मग थांबतो, कुणाशी तरी मासळीचा भाव बोलतो,
तेवढ्यात मी गाठतो त्याला.

एका शुक्रवारी, फाटक बंद असताना,
मीच जाऊन उभा राहिलो काट्यावर.
अठरा मीटर लोखंड, मधोमध मी.
किती? केबिनकडे बघून ओरडलो.
शंभर! खमीस ओरडला, आणि हसत सुटला.
आमचा काटा वीस-वीसने मोजतो.
सत्त्याण्णव होतो तेव्हाही शंभर,
आज शहाण्णव, तरी शंभर.
नव्वदच्या खाली गेलो
की एका झटक्यात ऐंशी दाखवेल,
आणि मधल्या सहा किलोंत
काही घडलंच नाही असं त्याला वाटेल.
मी त्या काट्यासारखाच बघत होतो स्वतःकडे.

हाजरा फोनवर म्हणते, चेहरा ओढलाय, जेवत नाहीस का?
मी म्हणतो, कोट होणार नाही मला.
ती म्हणते, शिंप्याला कधीच सांगितलंय,
दोन इंच कापड आत ठेव,
उसवता येतं.
कधी सांगितलंस?
तू बारा किलो म्हणालास त्याच दिवशी.

तोच वार, तेच कपडे, न्याहारीच्या आधी,
शिजी बजावते.
मला सांगू नकोस बाई,
मीच ड्रायव्हरांवर ओरडतो दिवसभर:
आत बसलास तर दोन्ही वेळा आत बस,
उतरलास तर दोन्ही वेळा उतर.

सहाव्या आठवड्यात
दोनशे ग्रॅम वाढलं.
शिजी म्हणाली, पाणी असेल. होतं असं.
मला माहीत होतं, अर्धं पाणी होतं,
अर्धी गुरुवारची बिर्याणी,
वामन परबच्या मुलाच्या बारशाची.
तिने वही माझ्याकडे सरकवली,
आज तुम्हीच लिहा.

पेन क्षणभर अडखळलं.
मग लिहिला, होता तसा.
अकरा वर्षांत एकाही पावतीवर
खाडाखोड केलेली नाही मी.