उजवा ब्रेक

पहिल्यांदा तोलली ती उद्यमनगरात,
बाबगोंडाच्या काट्यावर.
तेरा किलो चारशे.
खडूनं पत्र्यावर तीसनं गुणलं त्यानं,
चारशे दोन.
"वरचं दोन सोड," म्हणाला,
"टायरचं वजन कापत न्हाई, तुझ्यासाठी."

मग गंगावेशीत निजामचाचांकडं.
त्यांनी मागचं चाक उचलून फिरवलं,
डोळे मिटून ऐकलं.
पुढं तीन चकत्या, मागं सहा,
गिअरचा खटका अजून खट् करून जागेवर बसतो.
"चालवायला घेणारा अडीच हजार देईल.
भिंतीला टांगणारा काय देईल
ते मला विचारू नको.
मी चालत्या सायकलींचा डॉक्टर."

टांगणारा पुण्यात सापडला, फाटक नावाचा.
फोनवर म्हणाला, पायडलच्या आसाखाली नंबर असेल, वाचा.
मी फरशीवर उताणा झोपलो,
रॉकेलमध्ये दातांचा जुना ब्रश बुडवून घासत राहिलो.
काळं वंगण गालावर गळलं
आणि सात आकडे वर आले.
"सत्त्याऐंशीची," तो म्हणाला, हळू आवाजात,
नाडी सापडल्यासारखा.
"नळ्या जपानी. बाकी आता काही पुसू नका हं.
गंज असू दे. गंजालाही भाव असतो."

मी म्हणालो, बरं, बघतो आणि सांगतो.
तो थांबला.
"मॅडमच बोलताय ना?"
आता याला कुठं समजावत बसू,
आमच्याकडं बाईपण येतो म्हणती, जातो म्हणती,
आणि जाती येती, काही अडत नाही.

भट्टी बसवायला डेन्मार्कहून आलेला येन्ससाहेब
दर रविवारी हिच्यावरून पन्हाळ्याला जायचा.
परत निघाला तेव्हा कळलं,
विमानाचं भाडं सायकलीपेक्षा जास्त.
अण्णा पॅटर्नमेकर, साहेबाच्या शेजारी उभे होते.
तेवढ्यावर ती आमची झाली.

फोटो पाठवले. डावीकडून, उजवीकडून,
काट्याचा, सीटचा, हँडलचा.
फाटकांचा आकडा आला: शेहेचाळीस हजार.
मागोमाग दुसरा मेसेज.
"उजवा ब्रेक लिव्हर मूळ नाही. लोकल काम दिसतंय.
जोडी जुळत नाही. सहा वजा."

लोकल काम.
नववीत वाघबिळाच्या वळणावर मी पडलो,
गुडघा फुटला आणि लिव्हर मोडला.
अण्णांनी गुडघ्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं.
"बोटं पसर."
कागदावर पेन्सिल फिरवली बोटांभोवती.
सागवानाचा नमुना केला, वाळूत दाबला,
दुपारच्या सुट्टीत उरलेलं अॅल्युमिनियम ओतलं,
मग आठवडाभर कानस.
डावा लिव्हर साहेबाच्या पंजाचा,
उजवा माझ्या.
त्यानंतर मी कधी पडलो नाही असं नाही,
पण ब्रेक लागत नव्हता म्हणून नाही.

काल तेवढाच काढून नेला बाबगोंडाकडं.
नव्वद ग्रॅम. दीडशेचा भाव.
साडेतेरा रुपये.
फाटकांच्या वहीत तोच उणे सहा हजार.
मी पत्र्यावरच्या खडूखाली
दोन्ही आकडे एकाखाली एक मांडले,
बेरीज करायची का वजाबाकी ठरेना,
गिऱ्हाईक आलं, बाबगोंडानं हातानंच पुसलं.

घरी येऊन परत बसवला. चार नंबरची चावी लागती.
दाबून बघितला.
आता दोनच बोटं मावतात त्याच्यावर,
बाकीची बाहेर, लोंबत.

रविवारी येतो म्हणालाय गाडी घेऊन.
चेन करकर वाजती,
तेल घालावं का तसंच असू दे
हे विचारायचं राहून गेलं.