दोन दारं

गिरणी सुटली तेव्हा हातात आले दोन लाख दहा हजार.
पद्मजा म्हणाली, एफडी.
मुलगा म्हणाला, पुण्याला या, मग बघू.
छत्तीस वर्षं मी जॅकार्डची कार्डं पाडली,
मोर, कमळ, हरिण, परत मोर,
आणि डिझाइनच्या वहीत शेवटच्या पानावर
बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं:
दोन दारं.

म्हणजे गाडी. मागच्याला बसायचं तर
आधी पुढच्यानं उठावं लागतं, तसली.
विशीत एकदा होटगी रोडला दिसली होती, पिवळी.
चालवणाऱ्याची बाही खिडकीबाहेर फडफडत होती.
बास, तेवढीच.

नदाफ मिस्त्री सोबत आले. म्हणाले,
"गंज से डरना, इंजन से नक्को.
पहिलं गुडघ्यावर बसायचं,
प्रेमात नंतर पडायचं."

विजापूर रोडची लाल. दोनच सीटा, अंग सगळं फायबरचं,
गंजायला पत्राच नाही.
मी बसलो, आणि उठता येईना.
दोघांनी काखेत हात घालून वर काढलं.
मागचा एक दिवा फुटलेला.
हा मिळतो कुठं? विचारलं तर मालक आभाळाकडं बघितला.

बार्शी रोडच्या गोडाउनातली हिरवी. रंग इतका ओला
की माशी बसली तर चिकटेल.
वर पांघरलेली चादर मी ओळखली,
नव्वद सालची, माझीच. मोराला एक डोळा कमी,
कार्डात एक भोक पाडायचं राहून गेलेलं,
आणि तसेच तीनशे मोर बाजारात गेले.
मी खिशातलं लोहचुंबक दाराला लावलं.
खाली पडलं.
परत लावलं. परत पडलं.
"लांबी आहे," मिस्त्री म्हणाले, "दरवाजा नाही."
निघताना चादरीची घडी मात्र मी नीट घातली.

तिसरी रेल्वे लाइन्सला, हत्तुरेबाईंच्या पत्र्याखाली.
राखाडी हेरल्ड, मद्रासची, एकोणसत्तरची.
बाईंनी आम्ही विचारायच्या आधीच सांगितलं:
दुसरा गिअर सुटतो, धरून बसा.
पावसात पायावर पाणी येतं.
मे महिन्यात दुपारी काढू नका, तिला सोसत नाही.
मग बॉनेट उघडलं. या गाडीचं अख्खं नाक
पुढं झुकतं, चाकांसकट सगळं उघडं पडतं,
काही लपवायला जागाच राहत नाही.
मिस्त्री गुडघ्यावर बसले. बराच वेळ उठले नाहीत.

बाईंनी यजमानांची वही आणून दिली.
तारीख, लिटर, किलोमीटर. क्लच प्लेट, कोल्हापूर.
मध्येच दुधाचा हिशोब, मध्येच कुणाचं तरी बाळंतपण.
शेवटच्या पानावर तारीख आहे,
लिटर कोरं, किलोमीटर कोरं,
पुढं लिहिलंय: आज फक्त बसलो.

एक लाख चाळीस. मी घासाघीस केली नाही,
मिस्त्री अजून त्यावरून बोलतात.
उरलेल्या सत्तरवर बोट ठेवून त्यांनी बजावलं,
"हे तुमचे नाहीत. हिचे आहेत."
ब्रेक, वायरिंग, टायर, रेडिएटर.
ऑगस्टपर्यंत त्यातले अकरा हजार राहिले.

साखर पेठेतल्या आमच्या बोळात
रिक्षा तीनदा मागंपुढं करते.
ही एका दमात वळली.
ओट्यावर पद्मजा हात पुसत उभी होती,
"स्पोर्ट गाडी म्हणं!
आणि शेंगाचटणीचा डबा कुठं ठेवायचा?"

मग एप्रिलमध्ये, नको नको म्हणत, चारला निघालो.
कंबर तलावापाशी काटा लाल झाला.
टॉवेलची चौघडी करून झाकण सोडलं,
वाफ झाडापर्यंत गेली.
कठड्यावर बसलो दोघं. पाण्यात
कसलेतरी काळे पक्षी बुडत होते, भलतीकडंच वर येत होते.
कधी सुरू होईल, असं तिनं विचारलं नाही.

मी वही काढली. तारीख घातली.
किलोमीटर: चार. पाणी: दोन बाटल्या.
तिनं पेन ओढून घेतलं, दोनाचे तीन केले.
"एक मी प्याले," म्हणाली.