चिमटा

मरोळ गावठाणात, क्रुसाच्या मागच्या गल्लीत,
इनास कोळासोच्या दुकानात
फोर्कला अजून चिमटाच म्हणतात.

मी खोक्यातून काढला तो एकशेवीसचा,
जुना शंभरचा होता.
आणि दोन चाकं, साडेसत्तावीसची.
फ्रेम तीच, सव्वीससाठी आखलेली,
कुणीतरी, कुठेतरी, माझा उतार न बघता.

मागे लावून पाहिलं. टायर ब्रिजला घासला.
"मागं सव्वीसच र्‍हाणार," इनास म्हणाला,
"पुढं काय तो हट्ट कर."

मग नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक,
सुतळीला बांधलेला एक नट,
एक डोळा मिटलेला.
एकाहत्तर.
नवा चिमटा, नवं चाक बसवून पुन्हा सुतळी सोडली,
नट डुलत राहिला, थांबेपर्यंत आम्ही दोघं गप्प.
एकोणसत्तर आणि वर थोडं.

दीड अंश.
पेन्सिल बोथट असली तरी एवढा फरक पडतो.

त्याला मी सांगितलं नव्हतं,
गेल्या मार्गशीर्षात आरेतल्या टाकीमागच्या उतारावर
पुढचं चाक एका मुळापाशी थांबलं
आणि मी थांबले नाही.
गळपट्टीचं हाड. प्लेट. सहा स्क्रू.
एक्स-रे उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले,
कोन जरा बदललाय, चालेल.

"चालेल," इनासही म्हणाला,
"पण फुकट काय नाय मिळत, बाय.
पुढं उचललंस, पॅडल वर आलं बारा मिलिमीटर,
सीट मागं कलली, हँडल छातीकडं आलं.
उताराला चाक तुझ्या पुढं राहील, शांत.
चढाला रेंगाळेल,
खेळण्यांच्या दुकानावरून नेलेल्या पोरासारखं."

तेवढ्यात मुख्तार पाववाला आला, तार तुटली म्हणून.
काळी सायकल, मागे रिकामी गोणी, दांड्यावर पिठाचे ठसे.
इनासने कोनमापक तिलाही लावला.
सहासष्ट.
"तुझ्या एकोणतीसवाल्यांची रिम सहाशे बावीस," तो हसला,
"ह्याची अठ्ठावीस म्हणतात ती सहाशे पस्तीस.
मोठं चाक, निजलेला चिमटा.
चाळीस वर्षं हात सोडून पाव वाटतोय हा."
मुख्तारला कशाचंच नवल वाटलं नाही.
त्याला तार हवी होती, पाच मिनिटांत.

रविवारी गेले.
चढावर चाक खरंच हिंडलं, डावीकडे, उजवीकडे,
सीट बोटभर पुढे सरकवली, नाक हँडलवर आणलं,
शिव्या दिल्या कोनाला, इनासला, स्वतःला.
वर टाकीपाशी पाणी प्यायले. बराच वेळ प्यायले.

मुळापाशी आधी उतरले.
बोटांनी मापलं: चार बोटं उंच,
वरची साल कुणाकुणाच्या टायरांनी गुळगुळीत.
पुन्हा वर ढकलत नेली सायकल.
खाली येताना चिमटा आत गेला, श्वास घेतल्यासारखा,
चाक मुळावर चढलं, मागचं सव्वीस धाडकन आपटलं,
आणि मी सायकलवरच होते.
ओरडायला कुणी नव्हतं. एक म्हैस होती.

परतताना मरोळ नाक्याच्या सिग्नलला
सवयीने टाच टेकवायला गेले,
टाच नाही टेकली.
नुसते चवडे,
आणि खाली बारा मिलिमीटर हवा.