जरा कळ काढ

गंगापूर रोडच्या वर्गाला मी एकदाच गेले.
आठ हजार रुपये, बारा शनिवार,
निळ्या चटया, भिंतीवर गुलाबी ओटीपोटाचा तक्ता.
केतकी मॅडम म्हणाल्या, नाकातून आत, तोंडातून बाहेर,
गरम चहावर फुंकर घालतो ना, तसं.
आम्ही सात जणी फुंकत राहिलो
नसलेल्या चहावर.
योगिराजला माझ्या पाठीशी बसवलं होतं.
तो इतक्या मनापासून श्वास घेत होता
की घेरी त्यालाच आली.

पुढच्या शनिवारी माझी दुसरी पाळी लागली.
मग त्याच्या पुढच्याही.

मी सातपूरला बुशिंगं मोजते. दिवसाला चारशे.
केसाएवढा फरक पडला
तरी माल परत.
त्या तक्त्यावर लिहिलं होतं, दहा सेंटिमीटर.
मधल्या सुट्टीत कोणी नाही बघून
व्हर्नियरचे जबडे शंभरावर उघडले
आणि फटीतून पाहिलं :
कॅन्टीनचं दार, पाण्याचं पिंप,
अहिरेकाकांचा अख्खा चेहरा, टोपीसकट.
एवढं?
यात कमी-जास्त किती चालतं
ते मॅडमनी सांगितलं नव्हतं.

अहिरेकाका बत्तीस वर्षं प्रेसवर.
काटा चढतो, वर थबकतो,
मग सुस्कारा टाकून मशीन सैल पडतं.
मी स्टूल तिकडे सरकवलं.
चढताना श्वास. थबकला की श्वास.
उतरताना खांदे सोडायचे, दात सोडायचे,
मुठी सोडायला मी विसरायचे.
दोन दिवस काकांनी बघून न बघितल्यासारखं केलं.
तिसऱ्या दिवशी कळ दाबता दाबता म्हणाले,
"काट्याकडं नको बघू. काटा बघणारा दमतो.
आवाज ऐक. आला तसा जातो."

त्यांच्या हाताखालची ती कळ,
माझ्या कमरेतून निघणार ती कळ,
आणि रिक्षावाला फाटकावर म्हणतो
ताई, जरा कळ काढा, ती कळ.
एकाच शब्दात सगळं कोंबून
मोकळी झाली आपली भाषा.

आठवा सरताना डॉक्टर म्हणाल्या,
डोकं वर आहे अजून. बघू. फिरेल.
लाथ बरगडीखाली बसायला लागली की समजा फिरलं.
नाही फिरलं तर तारीख ठरवू.
म्हणजे एवढं सगळं फुंकलेलं
वाया?
त्र्यंबक रोडचे गतिरोधक मोजत घरी आले. अकरा.
योगिराज बारा म्हणाला. त्यावरून भांडलो.

रात्री सटाण्याला फोन लावला.
आई म्हणाली, तूही तशीच. पायाळू.
आधी एक पाय आला, मग बराच वेळ काहीच नाही.
वीज गेलेली, नर्सच्या हातात बॅटरी.
पुढचं मला आठवत नाही.
आणि मग नेहमीचं, "काही नही व्हस, पोर."

तिला आठवत नाही, मला लोक आठवतात.
उसण भरलेले, वाकून दारात आलेले शेजारी.
मी दुधाचा पेला खाली ठेवून त्यांना पाय लावायची
आणि ते सरळ होऊन जायचे.
निदान अंगणाबाहेर जाईपर्यंत.

रजेआधीचा शेवटचा दिवस.
अहिरेकाका हत्यारांच्या मांडणीला धरून वाकलेले.
"ऐकलंय, तू पायाळू.
माझा विश्वास नाही. पण लाव."
आजूबाजूची दोन मशीनं थांबली.
मी मांडणी पकडली, चप्पल काढली,
सुजलेला पाय वर उचलताना
श्वास आपोआप तोंडातून बाहेर पडला,
चहा-बिहा काही न आठवता.
त्यांच्या खाकी पाठीला टाच टेकली
आणि त्याच क्षणी आतून मला लाथ बसली.

वर की खाली?
प्रेसचा काटा उतरला होता, ती कळायच्या आत.
काका कमरेवर हात ठेवून हळूहळू उभे राहत होते.
मी एका पायावर तशीच थांबले,
परत एकदा लागेल म्हणून.