शिफारशीचं कारण

मुंबईहून यादी आली, टाइप केलेली, बेचाळीस नावांची.
सोबत पत्र: यातले पाच निवडा,
आपल्या गावाला आमच्या देशाच्या सिनेमाची ओळख होईल असे.
खाली एक रकाना, शिफारशीचं कारण.
रकाना दोन बोटं रुंद.

उदगीरचं फिल्म मंडळ म्हणजे आम्ही चौघं
आणि कॉलेजचा सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर,
तापला की जळक्या करडईच्या तेलाचा वास मारणारा.
पडदा स्नेहसंमेलनाचा.
त्याच्या कोपऱ्यात अजून एक पिन अडकलेली,
कुठल्या तरी नाटकातल्या राणीची.

व्यंकट मुळजकर म्हणाला, राजवाड्याचा घ्या.
टोप्या, घोडे, या टोकाहून त्या टोकाला ऐकू न जाणारं जेवणाचं टेबल.
लोकांना विलायत म्हणून जे पाहिजे ते द्या.
त्याच्या दावणीला देवणी बैल, दरवर्षी प्रदर्शनाला जातात.
मी विचारलं, कोणता नेतोस? नांगराचा?
गप्प बसला. मग हसला,
"नांगराच्याच्या खांद्याला घट्टा असतोय की हो सर.
बक्षीस शिंगांना मिळतंय."

देशमाने सरांना बंद पडलेल्या खाणीचा हवा होता.
काळी तोंडं, संप, पोटात मावत नाही एवढी शांतता.
देश म्हणजे त्याचं दुखणं, असं त्यांचं मत.
पण सोयरिकीला आलेल्या पाहुण्यापुढं
पहिल्याच बैठकीत कुणी दुखणं काढतं का?
सर म्हणाले, काढावं. नंतर कळण्यापेक्षा बरं.

नमुन्याला तीन डबे आले, एसटीच्या टपावर, लातूरमार्गे.
एकात मीरपूरचा दुकानदार होता,
विलायतेतल्या गल्लीत मसूर जोखणारा, मुलीच्या इंग्रजीला भिणारा.
खाजा मोईनोद्दीननं मशीन थांबवली.
"इसमें लंदन किधर है गुरुजी?
ये तो चौबारे का किरानावाला है."
आम्ही हसलो.
हसताना काहीतरी सांडलं आमच्यातून,
आणि पुसून घ्यायचं राहिलं.

शेवटचा डबा एका घड्याळजीच्या बायकोचा.
यात काहीच होत नाही.
ती उठते, पडदा सारते, किटली ठेवते,
वाळत घातलेले कपडे आत आणते, परत बाहेर नेते.
एक तास चाळीस मिनिटं पाऊस.
मला तो पहिल्या रिळापासून आवडला, का ते सांगता येईना.
व्यंकट झोपला.

हॉल झाडायला आलेली प्रयागबाई
केरसुणी टेकवून शेवटपर्यंत उभी होती.
दिवे लागले तेव्हा म्हणाली,
"कामून हो सर, इतका पाऊस पडायलाय,
अन् वळचणीला एक बी घागर न्हाई.
चहा पिऊ पिऊ बेजार झाले सगळे.
पाणी कुणीच पेलं न्हाई."

मी डबा उलटा फिरवायला लावला.
पुन्हा पाहिलं. खरंच.
त्यांनी स्वतः कधी मोजलं नसेल हे.
ज्याचा तोटा नाही ते पडद्यावर ठेवायची
आठवण कुणाला होणार?

रात्री वाटलं, तिकडंही कुणी बसला असेल,
आपल्या बेचाळिसांची यादी घेऊन,
शिंगं की घट्टा, करत.
आणि तिथली झाडणारी बाई विचारेल,
हे लोक दिवसा दारं का लावत नाहीत?
आपल्याला कुठं ठाऊक, आपण दारं लावत नाही ते.

राजवाडा गेला यादीत, व्यंकटासाठी.
खाण गेली. दुकानदार गेला,
खाजानं स्वतःच त्याच्यापुढं बरोबरची खूण केली.
चौथा कोणता होता, आता आठवत नाही.
पाचव्यापुढं, दोन बोटांच्या रकान्यात, मी लिहिलं:
यात कुणीही पाणी पीत नाही, म्हणून.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं.
कृपया कारण स्पष्ट करावे.
लिहायला बसलोही होतो,
पण त्या दिवशी, अकराव्या दिवशी,
आमच्या गल्लीच्या नळाची पाळी होती.
ते राहूनच गेलं.