आंधळा मका

एदिल्मानं दाणा दिव्यासमोर धरला.
नेहमीच्या मक्यातून उजेड पाझरतो,
ह्यातून नाही.
"आंधळा मका आणलात," ती म्हणाली,
आणि तरी पोतं ठेवून घेतलं,
फुकट होतं म्हणून.

काउकाच्या उतारावर बांबूची दोन कुंपणं.
डावीकडच्या डुकरांना जुना मका, उजवीकडच्यांना हा.
सोयाबीन बाजारात मिळतं,
पायवाटेनं चार तास खाली.
पैसे त्याहूनही खाली.

दर दुसऱ्या शनिवारी मी ताणकाटा घेऊन चढायचो.
पोत्यात घातलेलं पिल्लू किंचाळायचं, काटा थरथरायचा.
एदिल्मा आकडा विचारायची नाही.
पाठीवरून हात फिरवून सांगायची
मणके बोटांना लागतात का ते.
सातव्या खेपेला डावीकडच्यांचे लागत होते,
उजवीकडच्यांचे शोधावे लागले.

लायसिन हा शब्द मी तीनदा समजावला.
दूरच्या नातलगाचं नाव ऐकावं तसा तिनं तो ऐकला.
मग म्हणाली,
"तरीच किडे आधी ह्याच पोत्याला लागले.
तुमच्याआधी त्यांना कळलं."

शेवटच्या खेपेला माझा हिशेब जुळेना.
अकरा किलो कमी.
किडे एवढं खात नाहीत.

चुलीपाशी धाकटी यानेथ बसली होती,
हातात जाडसर, पांढुरकी अरेपा.
एदिल्मा लाकडं सारत राहिली,
गरज नसताना.
पोरीच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला मला.
फिरवला नाही.

तक्त्यात लिहिलं:
सांडलवंड, अकरा किलो.